साहेबाचे ओटे आणि साडेचार तास

22 जानेवारी 1898. त्या शनिवारी सकाळपासून विजयदुर्गाच्या किल्ल्यात गोऱ्या खलाशांची धावपळ चालली होती. ‘मेल्पोमिनी’ ही ब्रिटिश आरमाराची नौका आली होती आणि तिचे कप्तान चिझम-बॅटन यांनी आपली माणसं एका पाहुण्याच्या दिमतीला दिली होती. पाहुणे म्हणजे सर नॉर्मन लॉकियर. वय 61, ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक आणि सूर्याच्या नादानं जन्मभर झपाटलेले. त्या दुपारी कोकण किनाऱ्यावरून खग्रास ग्रहणाची सावली जाणार होती. सूर्यबिंब पूर्ण झाकलेलं राहणार होतं ते सुमारे दोन मिनिटं.

एवढ्या वेळात दुर्बिणी, कॅमेरे आणि वर्णपट टिपणारी यंत्रं चालवायची, काचा बदलायच्या, नोंदी करायच्या. काच कुणी सरकवायची, झाकण कुणी काढायचं, सेकंद मोठ्यानं कुणी मोजायचे हे आधी ठरवून लॉकियरनी खलाशांकडून तालमी करून घेतल्या. दोनच वर्षांपूर्वी, 1896 साली, असाच फौजफाटा घेऊन ते नॉर्वेला गेले होते आणि ऐन वेळी ढगांनी सूर्य गिळला होता. ढगांवर इलाज नाही, पण माणसांच्या गोंधळावर आहे, एवढं ते जाणून होते. विजयदुर्गावर आकाश स्वच्छ राहिलं आणि काम पार पडलं. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला तळ ठोकून होते. ‘ओरायन’ लिहिणारे टिळक मात्र राजद्रोहाच्या शिक्षेत गजाआड होते. नाहीतर ‘केसरी’त या ग्रहणावर काय वाचायला मिळालं असतं, असं मनात येऊन जातं.

किल्ल्यातल्या चौथऱ्यांना गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. याच ओट्यांवरून 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकियरनी हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. विजयदुर्ग हे हेलियमचं पाळणाघर मानून दर वर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. हौस छान आहे, इतिहास तसा नाही. 1868 च्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच संशोधक जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते, ब्रिटिश निरीक्षक जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते आणि लॉकियर इंग्लंडात. त्यांनी ग्रहणाशिवायच, 20 ऑक्टोबर 1868 रोजी, आपल्या यंत्रातून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ सोडियमची नाही, हे पुढच्या अभ्यासात ठरलं आणि अज्ञात मूलद्रव्याला ग्रीक सूर्यदेवावरून हेलियम हे नाव मिळालं. विजयदुर्गाला ते आले ते 30 वर्षांनी. तोवर, म्हणजे 26 मार्च 1895 रोजी, विल्यम रॅम्झी यांनी पृथ्वीवरच्याच एका खनिजातून हेलियम बाहेरही काढला होता.

पण मला लॉकियरच्या त्या तालमी जास्त मोलाच्या वाटतात. ठरलेल्या क्षणी दहा माणसांनी न गोंधळता दहा कामं करणं हीच पुढे एका रोगावरच्या उपचाराची किल्ली ठरली. आणि सूर्यावरचा तो वायूही त्या उपचारात आडवाटेनं येऊन मिळाला. रोग म्हणजे पक्षाघात. त्यातही मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं बंद पडून येणारा. पक्षाघाताच्या दर पाच झटक्यांपैकी चार या जातीचे असतात. उरलेला एक रक्तवाहिनी फुटून, रक्तस्राव होऊन येतो.

1898 साली या किनाऱ्यावर एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं तर काय होत असे? देवाला कौल लावला जाई, गाऱ्हाणं घातलं जाई. वैद्य तेलानं मालीश सांगे, काढे देई. कुणी पारवा कापून त्याचं गरम रक्त लुळ्या अंगाला चोळी. हा प्रकार महाराष्ट्रात अजूनही पुरता गेलेला नाही. माणूस खाटेवर पडून राही, मग एक तर सावरे नाही तर महिन्या-दोन महिन्यांत जाई. मुंबईला न्यायचं तर आगबोट. ती पावसाळ्यात बंद. पण यावरून कोकणाला हसायचं कारण नाही. मुंबईला किंवा थेट लंडनला नेऊनही फरक पडला नसता. चरकसंहितेनं पक्षवधाची लक्षणं वातव्याधीत नीट नोंदवली. स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर यांनी 1658 मध्ये शवविच्छेदन करून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनच्या फिर्खोंनी गुठळी तयार होणं आणि ती वाहत जाऊन दुसरीकडे अडकणं यांची उकल केली. कारण कळलं, पण हात बांधलेलेच. रक्त काढणं, जळवा लावणं, रेच देणं हेच युरोपातही चाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टर झटका कुठे आला हे अचूक सांगत आणि निदान बरोबर ठरलं की नाही याची खातरजमा शवागारात होई.

मधल्या काळात हेलियमची वाटचाल वेगळ्याच दिशेनं चालली होती. 10 जुलै 1908 रोजी हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओन्स यांनी त्याचं द्रव केलं. तापमान होतं उणे 269 अंशांच्या आसपास. तीन वर्षांनी त्या थंडीत पारा ठेवून पाहिला तर त्यातला विजेचा विरोध नाहीसा झालेला. विरोध असा नाहीसा होणाऱ्या तारेचं वेटोळं केलं आणि त्यात वीज सोडली की ती विनाखंड फिरत राहते आणि प्रचंड ताकदीचं लोहचुंबक तयार होतं. 1970 च्या दशकात पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी चुंबकक्षेत्रातून शरीराच्या आतलं चित्र काढण्याची रीत घडवली. तीच आजची एमआरआय. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राच्या पोटात दीड-दोन हजार लिटर द्रवरूप हेलियम असतो. अलीकडे काही लिटरांत भागवणारी सीलबंद यंत्रंही निघाली आहेत.

आता मुंबईकडे वळू, कारण या कथेतला एक महत्त्वाचा दुवा तिथला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. 1965 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईच्या चार डॉक्टरांचा लेख आला. दलाल, शहा, शेठ आणि देशपांडे. विषय होता मेंदूत अडकलेली गुठळी आपोआप विरघळते का. तेव्हा सीटी नव्हतं, एमआरआय नव्हतं. मानेतल्या धमनीत सुई घालून रंगद्रव्य सोडायचं आणि क्ष-किरणांनी पटापट चित्रं घ्यायची, एवढंच हातात होतं. रुग्णाला त्रास होई आणि धोकाही असे. या डॉक्टरांनी ती चाचणी झटक्यानंतर केली आणि काही रुग्णांत पुढे पुन्हा केली. पहिल्या चित्रात बंद दिसलेली वाहिनी दुसऱ्या चित्रात मोकळी झालेली आढळली. शरीर स्वतःच गुठळी विरघळवत होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वाहिनी मोकळी झाली तरी माणूस लुळाच राहत असेल, तर दोष गुठळी न विरघळण्याचा नाही, ती उशिरा विरघळण्याचा आहे. रक्त तुटल्यावर मेंदूचा मधला भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीचा पट्टा मात्र आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरून असतो. मुका पडलेला, पण जिवंत. त्या तासांत वाट मोकळी झाली तर तो परत बोलू लागतो. नंतर झाली तर त्या रक्ताचा उपयोग नाही. उलट मेलेल्या भागात ते फुटून पसरण्याची भीती. प्रफुल्ल दलाल पुढे आयुष्यभर पक्षाघाताच्याच मागे लागले. 2005–06 मध्ये मुंबईतल्या एका वस्तीतल्या प्रत्येक झटक्याची नोंद ठेवणारं काम त्यांनी केलं, त्याकडे पुढे येऊ.

शरीर जे सावकाश करतं ते औषधानं लवकर करून घ्यायचं, ही कल्पना उघडच होती. अडचण अशी की गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावाच्या झटक्यात दिलं तर माणूस जागीच जाईल. आणि लुळा हात पाहून आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. ही अडचण सोडवली ग्रामोफोनच्या तबकड्या विकणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या एका अभियंत्यानं. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. गुठळीचा झटका मात्र पहिल्या तासांत बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. म्हणजे चित्र स्वच्छ आलं तर समजायचं की रक्तस्राव नाही, पुढे जाता येईल. लुळा पडलेला माणूस समोर आणि स्कॅन ‘नॉर्मल’. नातेवाइकांना हे आजही कोड्यात टाकतं.

औषधांत पहिला मान स्ट्रेप्टोकायनेजचा. हृदयविकाराच्या झटक्यात त्यानं लाखो जीव वाचवले होते. मेंदूत मात्र ते अंगलट आलं. 1990 च्या दशकातल्या तीन मोठ्या चाचण्या, रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवाव्या लागल्या. दुसरं औषध म्हणजे शरीरात मुळात असणाऱ्याच एका द्रव्याची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत, अल्टेप्लेज. बेल्जियमच्या देसिरे कोलेन यांनी 1980 च्या सुमाराला त्यावर काम केलं आणि अमेरिकेत डायॅन पेनिका यांनी त्याचा जनुक वेगळा केला. युरोपात ते 6 तासांपर्यंतच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर निर्विवाद फायदा दिसला नाही. मेंदूवर काही चालत नाही, हा जुना समज पुन्हा पक्का होऊ लागला.

अमेरिकेतल्या चाचणीनं मात्र एक हट्टी अट घातली. औषध 3 तासांच्या आत द्यायचं आणि जवळपास निम्म्या रुग्णांना तर 90 मिनिटांच्या आत. त्या काळच्या न्यूरॉलॉजिस्टांना ही अट वेडेपणाची वाटली असणार. पक्षाघाताचा रुग्ण म्हणजे सकाळच्या फेरीत सावकाश तपासायचा, हातोडीनं गुडघे ठोकायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचं. इथे तर रुग्णवाहिकेतल्या माणसानं आधी कळवायचं, दारातूनच थेट स्कॅनकडे न्यायचं, रक्त घेणारा, स्कॅन वाचणारा, औषध मिसळणारा आधीच जागेवर हजर हवा. विजयदुर्गावर लॉकियरनी खलाशांकडून घटवून घेतलं तसंच हे. 14 डिसेंबर 1995 रोजी निकाल छापून आला. रुग्ण 624. तीन महिन्यांनंतर अपंगत्व नसलेले किंवा नाममात्र असलेले, औषध घेतलेल्यांत शंभरात 39. नुसतं सलाइन मिळालेल्यांत 26. मेंदूत धोक्याचा रक्तस्राव पहिल्या गटात 6.4 टक्के, दुसऱ्यात 0.6. तरीही मृत्यू वाढले नाहीत. थोडे कमीच होते. 1996 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

या आकड्यांवर डॉक्टरांत पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. रक्तस्रावाचा आकडा दिसला की हात आखडतो, हे माणसाचं आहे. दिलेल्या औषधानं गेलेला रुग्ण आठवतो, न दिल्यामुळे लुळा राहिलेला कुणाच्या हिशेबात येत नाही. 2008 मध्ये युरोपातल्याच दुसऱ्या चाचणीनं मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. फायदा होता, पण उतरता: 52 विरुद्ध 45. म्हणजे साडेचार तास हातात आहेत असं नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकतो तसतसा फायदा झिजत जातो आणि साडेचारला जवळजवळ संपतो. 2006 मध्ये जेफ्री सेव्हर यांनी हिशेब मांडला होता: मोठी वाहिनी बंद असताना उपचाराविना गेलेल्या दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात.

त्या मोठ्या वाहिनीतली लांबलचक गुठळी औषधाला सहसा दाद देत नाही. तिच्यासाठी जांघेतून नळी घालून मेंदूपर्यंत जायचं आणि जाळीदार तारेत पकडून ती ओढून काढायची. 2013 पर्यंत हा प्रकार फसतोय असंच वाटत होतं. 2015 मध्ये हॉलंडच्या 500 रुग्णांच्या चाचणीनं पारडं फिरवलं आणि त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितलं. पाचही एकत्र केल्यावर 1287 रुग्णांत स्वतःच्या पायावर उभे राहिलेले 46 टक्के निघाले. नळीशिवायच्या गटात 26.5 टक्के. दोन-तीन रुग्णांवर ही प्रक्रिया केली की त्यातल्या एकाचं अपंगत्व एका पायरीनं तरी उतरतं. वैद्यकात इतका भरघोस परतावा फार थोड्या उपचारांना आहे.

आणि इथे हेलियम परत येतो. पहाटे उठताना लुळा झालेला माणूस म्हणजे जुना पेच. झटका रात्री दहाला आला की पहाटे पाचला, कुणाला ठाऊक? नियमानं घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे झोपायला गेला तेव्हापासून. मग साडेचार तास उलटून गेलेले. एमआरआयची एक रीत गुठळीनं मरू लागलेला भाग पहिल्या काही मिनिटांतच उजळून दाखवते. दुसऱ्या रीतीत तोच भाग उमटायला काही तास लागतात. पहिल्यात दिसतो आणि दुसऱ्यात अजून नाही, तर झटका ताजा आहे. 2018 मध्ये युरोपातल्या 503 अशा रुग्णांवर ही युक्ती वापरून औषधाची चाचणी झाली. औषध दिलेल्यांत चांगले बरे झालेले 53 टक्के, न दिलेल्यांत 42. त्याच वर्षी आणखी दोन चाचण्यांनी, स्कॅनवर वाचण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर नळीनं गुठळी काढायची मुदत 16 आणि 24 तासांपर्यंत नेली. ज्या मूलद्रव्याची सूर्यावरची रेघ लॉकियरना सापडली, त्याच्या थंडीवर चालणारं यंत्र आता उगवत्या सूर्याबरोबर लुळा उठलेल्या माणसाची वेळ सांगतं. विजयदुर्गानं हेलियमचा अभिमान बाळगायचा तर त्यासाठी 1868 ची दंतकथा लागत नाही.

पुण्याचाही यात वाटा आहे. अल्टेप्लेज द्यायचं म्हणजे दहावा हिस्सा एकदम आणि उरलेलं तासभर पंपानं. त्याचंच सुधारलेलं भावंड टेनेक्टेप्लेज एका झटक्यात, काही सेकंदांत शिरेतून देता येतं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीनं ते भारतात बनवलं आणि 2016 मध्ये, 3 तासांच्या आतल्या पक्षाघातासाठी, त्याला आपल्याकडे परवानगी मिळाली. कॅनडातल्या सुमारे 1600 रुग्णांच्या चाचणीनं 2022 मध्ये ते अल्टेप्लेजच्या तोडीचं ठरवलं. अमेरिकेनं पक्षाघातासाठी त्याला मान्यता दिली ती 2025 मध्ये. या एका बाबतीत आपण 9 वर्षं पुढे होतो. मधल्या गावात इंजेक्शन देऊन रुग्णवाहिका पुढच्या मोठ्या रुग्णालयाकडे काढायची असेल तर हे भावंडच सोयीचं. घाटातल्या वळणांवर पंप सांभाळत बसावं लागत नाही.

मग निकाल काय? दलालांच्या मुंबईतल्या नोंदणीत वर्षाला दर लाखामागे सुमारे 145 जणांना पहिला झटका येताना दिसला आणि त्यातले जवळजवळ 30 टक्के 28 दिवसांत दगावले. हे मुंबईतलं चित्र, जिथे टॅक्सीनं अर्ध्या तासात मोठं रुग्णालय गाठता येतं. जगले त्यांचं पुढे काय होतं, हे 2017 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत दिसतं. भारतातल्या 14 रुग्णालयांतले 1250 रुग्ण घेतले आणि निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायला शिकवलं, कारण फिजिओथेरपिस्ट गावोगाव नाहीत. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं: 47 टक्के. सून, मुलगी, बायको यांच्या कष्टांत कसूर नव्हती. मेलेला भाग नंतरच्या कष्टांनी परत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. म्हणून पहिल्या तासांत जे हुकतं त्याची भरपाई खाटेजवळ फार थोडी होते.

आता विजयदुर्गाचा हिशेब. पडेल, गिर्ये, रामेश्वर, वाघोटन या भागातून मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला यायलाच तासाहून जास्त लागतो. तिथून एक वाट करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला. दुसरी कणकवली, ओरोस, सावंतवाडी करत गोव्याला. सिंधुदुर्गातल्या माणसाला गंभीर दुखणं झालं की ‘बांबोळीक व्हरा’ हे शब्द आपोआप येतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची मुळं 1842 च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहेत आणि तळकोकणानं त्याला आपलं मानलं आहे. पण विजयदुर्गहून बांबोळी गाठेपर्यंत साडेचारपैकी चार तास वाटेतच जातात. कोल्हापूर थोडं जवळ, तेही घाट खुला असेल तर. 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणाच्या कामासाठी महिनोन् महिने बंद होता. 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची सेवा आहे, 937 गाड्यांनी ती सुरू झाली आणि तिनं कोकणात बाळंतपणं, अपघात, सर्पदंश यांत मोठं काम केलं. पण पक्षाघाताच्या रुग्णाला जवळच्या रुग्णालयात नेणं पुरेसं नाही; चोवीस तास सीटी चालू असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून रक्तदाब मोजण्यात आणि चिठ्ठी लिहिण्यात गेलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत.

हा पेच फक्त कोकणाचा नाही आणि तो सुटलेला मी वाचला आहे तो हिमाचल प्रदेशात. तिथले रस्ते करूळपेक्षा सोपे नाहीत. दशकभरापूर्वी तिथे दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. पद्मा श्रीवास्तव आणि शिमल्याच्या डॉक्टरांनी सरकारला बरोबर घेऊन एक साधी रचना केली. ज्या जिल्हा रुग्णालयांत सीटी आहे तिथल्या फिजिशियनना शिकवायचं, स्कॅनचे फोटो मोबाइलवरून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचे, त्यांनी होकार दिला की तिथेच इंजेक्शन द्यायचं, औषध सरकारचं. न्यूरॉलॉजिस्ट जिल्ह्यात नव्हता, त्याचा फोन होता. पहिल्या दीड वर्षात 26 जणांना असं औषध मिळालं. आकडा किरकोळ वाटतो. पण या 26 जणांना आधीच्या रचनेत ते मिळण्याची शक्यता जवळपास शून्य होती. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, औषध पुण्यात तयार होतं आणि मोबाइलची रेंज किल्ल्याच्या बुरुजावरही येते. उरतं ते कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवणं आणि तालीम. मला वाटतं हे काम नव्या इमारतीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित ते मागे पडतं. त्याची कोनशिला बसवता येत नाही.

आणि एक अडचण घरातली. आजीचं तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालं, की कोकणातल्या घरातून पहिला फोन जातो तो मुंबईच्या मुलाला. तो लालबागला किंवा डोंबिवलीला कामावर असतो. तो चुलत्याला फोन लावतो, चुलता गाडीवाल्याला, गाडीवाला म्हणतो पोहोचतोय. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. मुंबईच्या मुलानं फोन उचलल्यावर एवढंच विचारावं: तिला शेवटचं नीट बोलताना कुणी आणि किती वाजता पाहिलं? ती वेळ कागदावर लिहून घ्यायला सांगावी, पाणी किंवा गोळी काही तोंडात घालू नका म्हणावं, आणि फोन ठेवून 108 लावायला लावावं. चुलत्याशी नंतर बोलता येईल.